समोर किती, मागं किती?

कोंढा हे पवनी तालुक्यातलं, भंडारा-पवनी रस्त्यावरचं गाव. अशा गावातल्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर एकच असतो आणि नळीही एकच, पण त्या नळीतली हवा प्रत्येक चाकाला वेगळी लागते. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीपर्यंत येतं, तरी शेतकामात त्याला १२-१४ पौंडांच्या आसपास हवा पुरते. मालवाहू ट्रकला १०० च्या वर लागते. सायकलला ४०-५०. मोटरसायकल आली की दुकानदार विचारतो, ‘‘किती मारू भाऊ?’’ आणि उत्तर येतं, ‘‘मार न, समोर तीस, मागं चाळीस.’’ गाडी कोणती, मागे कोणी बसणार आहे का, टायर थंड आहे की तापलेला, यातलं काहीच त्या उत्तरात नसतं.

कारला चार चाकं असतात. एकात हवा कमी असली तरी बाकीची तीन गाडी सांभाळून नेतात. मोटरसायकलला तशी सोय नाही. ब्रेक, वळण, खड्डा, चिखल, सगळं दोन चाकांवर, आणि तेही त्या चाकांच्या तळव्याएवढ्या ठशावर. म्हणून हवेचा आकडा अंदाजाने सांगण्याची गोष्ट नाही, असं मला मनापासून वाटतं.

आधी पौंड म्हणजे काय ते पाहू. ३० पौंड हवा भरली म्हणजे टायरमध्ये ३० पौंड वजनाची हवा गेली असं नव्हे. साध्या मोटरसायकलच्या टायरमधली सगळी हवा तोलली तर जेमतेम २०-२५ ग्रॅम भरेल. आकडा असतो दाबाचा: टायरच्या आतल्या प्रत्येक चौरस इंचावर हवा बाहेरच्या वातावरणापेक्षा किती पौंडांनी जास्त रेटते आहे, तो. काही गाड्यांच्या पुस्तिकेत हाच दाब दर चौरस सेंटिमीटरला किती किलो असा देतात. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पौंड. त्यामुळे पुस्तिकेत २.०० दिसलं की २८ समजायचं आणि २.२५ दिसलं की ३२. काही ठिकाणी किलोपास्कल असतं. १०० किलोपास्कल म्हणजे साडेचौदा पौंड.

गाडीचं वजन पेलतं कोण? रबर थोडंसं पेलतं, बाकी सगळं हवा. चाक जमिनीवर टेकलं की खाली थोडं चपटं होतं आणि जमिनीला भिडलेल्या त्या ठशाचं क्षेत्रफळ गुणिले हवेचा दाब बरोबर चाकावरचं वजन, असा साधारण हिशेब जमतो. ११२ किलोची गाडी आणि ६८ किलोचा चालवणारा धरला तर एकूण १८० किलो होतात. त्यातले साठ टक्के मागच्या चाकावर आले तर १०८ किलो. २८ पौंडांचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ किलोचा दाब असेल तर जमिनीवरचा ठसा ५४ चौरस सेंटिमीटरचा होईल. साडेपाच सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब. टायर बनवणाऱ्याने रबराचे थर, नक्षी आणि गोलाई याच सुमाराचा ठसा गृहीत धरून आखलेली असते.

ट्रॅक्टरचं कोडंही इथेच सुटतं. त्याचा टायर इतका रुंद आणि त्याच्यातली हवा इतकी जास्त जागा व्यापणारी, की कमी दाबावरही वजन पेललं जातं. शिवाय बांधीतल्या मऊ मातीत त्याला मोठा ठसाच हवा असतो, म्हणजे तो रुतत नाही. ट्रकचा टायर अरुंद आणि त्यावर काही टन वजन, म्हणून दाब चढा. मोठ्या चाकाला जास्त हवा लागते हा समज त्यामुळे टिकत नाही. वजन किती आणि ते पेलायला जागा किती, यावरून दाब ठरतो.

मग आपल्या गाडीचा आकडा कोणता? तो शोधायला कुठे जावं लागत नाही. बहुतेक मोटरसायकलींवर चेनच्या कव्हरवर किंवा मागच्या चाकाला धरणाऱ्या दांडीवर एक छोटं स्टिकर असतं. त्यावर समोरच्या टायरचा आकडा असतो आणि मागच्याचे दोन, एक एकट्यासाठी, दुसरा डबल सीटसाठी. स्टिकर चिखलाने झिजून गेलं असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत तेच असतं. बजाज पल्सर १५० चं उदाहरण घ्या: समोर २५, मागे एकट्याला २८ आणि डबल सीटला ३२. होंडा ॲक्टिव्हा स्कूटरला समोर २२, मागे एकट्याला २९ आणि डबल सीटला ३६. मॉडेल बदललं, टायरचा आकार बदलला की आकडेही बदलतात, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत. पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी दिसते. समोरचा आकडा लहान असतो, मागचा मोठा, आणि मागे माणूस बसला की मागचा चढतो. ‘समोर ३०, मागं ४०’ म्हणणाऱ्याचा समोरचा टायर पल्सरच्या हिशेबाने ५ पौंड जास्त टणक असतो, आणि जोराचा ब्रेक लागतो तेव्हा सगळ्यात जास्त काम त्याच टायरला करावं लागतं.

टायरच्या बाजूच्या भिंतीवरही एक दाब कोरलेला असतो. पुष्कळजण तोच बघून हवा भरायला सांगतात. तो आकडा मर्यादेचा असतो. टायर जास्तीत जास्त किती वजन उचलू शकतो आणि त्या वजनाला किती दाब लागतो, एवढंच तो सांगतो. तोच टायर तीन वेगवेगळ्या गाड्यांना बसतो. तुमच्या गाडीचं वजन, तिची लांबी, तिचं शॉकअब्सॉर्बर टायरच्या कारखान्याला ठाऊक नसतं. नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा दुचाकींचे टायर बनवणारा कारखाना आहे. तिथून टायर गाडीच्या कारखान्यात पोचतो, तिथे तो त्या गाडीवर चालवून पाहिला जातो, आणि मग आकडा स्टिकरवर छापला जातो. स्टिकरचा आकडा त्यामुळे टायर आणि गाडी या जोडीचा असतो.

टायरच्या भिंतीवरचा दुसरा एक आकडा मात्र जरूर वाचावा. आकारापुढे ४२, ४८ किंवा ५४ असा अंक आणि त्याला चिकटून एक इंग्रजी अक्षर असतं. तो अंक वजनाचा आहे. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. ‘पी’ असेल तर ताशी १५० किलोमीटर. हे वजन टायर पुऱ्या ठरलेल्या दाबावरच उचलतो. हवा कमी असली की त्याची ताकद उतरते.

भंडाऱ्याकडे या अंकाला फार महत्त्व आहे, कारण इथे मोटरसायकल ही माणसांइतकीच मालाचीही गाडी आहे. धानाचा कट्टा, खताची बॅग, दुधाच्या कॅन, ढेपेचं पोतं, बाजाराच्या दिवशी भाजीची पाटी, सगळं तिच्यावरूनच जातं. मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या वरच बसतो, म्हणून त्याचं बहुतेक वजन मागच्याच चाकावर येतं. कॅरिअरवरच्या कट्ट्याचं गणित आणखी कडक आहे. तो चाकाच्या आसाच्याही मागे असतो. समजा दोन चाकांमधलं अंतर १२४ सेंटिमीटर आहे आणि ४० किलोचा कट्टा मागच्या आसापासून २० सेंटिमीटर मागे बांधलाय. तरफेच्या नियमाने मागच्या चाकावर ४० नाही, साडेसेहेचाळीस किलो येतात आणि समोरच्या चाकावरचे साडेसहा किलो उचलले जातात. हँडल हलकं लागतं, गाडी डुलते, समोरचा ब्रेक नेहमीसारखा पकडत नाही, हे कट्टा नेणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. त्याचं कारण हे साडेसहा किलो.

आता बेरीज करून बघा. एकट्याचे १०८, मागे बसलेल्याचे ५५, कट्ट्याचे साडेसेहेचाळीस. झाले २०९ किलोच्या वर. टायरवर ४८ लिहिलं असेल तर मर्यादा १८० ची. इथे कितीही हवा भरली तरी उपयोग नाही. हवा टायरची ताकद त्याच्या मर्यादेपर्यंत नेते, मर्यादेच्या पलीकडे नाही. एकट्याने कट्टा न्यायचा असेल तर मागच्या चाकात डबल सीटचा आकडा भरावा. कट्टा आणि माणूस दोन्ही न्यायचे असतील तर दोन फेऱ्या कराव्यात. वेळ आणि पेट्रोल जास्त जाईल, पण याला दुसरा मार्ग नाही.

उन्हाळ्याबद्दल जो समज आहे त्यावर थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त टायर तोच खराब करतो. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. ‘‘उन्हात टायर फुटते, हवा कमी ठेव,’’ असा सल्ला वडीलधारी माणसंही देतात. त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. हवा तापली की दाब वाढतो. बंद जागेतल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हा शाळेतला नियम टायरलाही लागू आहे. २८ पौंडांच्या टायरसाठी दर १० अंशांना साधारण दीड पौंड, असं धरावं. जानेवारीच्या पहाटे १० अंशांत २८ भरलेला टायर तसाच मेच्या दुपारी ४५ अंशांत आणला तर गेजवर सुमारे ३३ दाखवेल. म्हणजे ऋतू बदलला एवढ्यानेच ५ पौंडांचा फरक. गाडी चालली की टायर आणखी तापतो आणि आणखी ३-४ पौंड चढतात.

पण स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. चालताना तो चढणार हे कारखान्याने आधीच धरलेलं असतं. चांगल्या अवस्थेतला टायर ५-७ पौंड जास्तीने फुटत नाही.

मग उन्हाळ्यात टायर फुटतात ते का? बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळेच. टायर फिरताना त्याचा प्रत्येक भाग खाली आला की दबतो आणि वर गेला की सुटतो. अठरा इंची चाकाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर. एका किलोमीटरमध्ये तो सव्वापाचशे फेरे घेतो, ३० किलोमीटरच्या प्रवासात पंधरा हजारांवर. प्रत्येक फेऱ्यात रबर आणि त्यातले धागे वाकतात आणि सरळ होतात, आणि वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णता होऊन टायरमध्येच राहतो. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवली की मोडायच्या आधी ती गरम होते, तसंच हे आहे. हवा कमी असेल तर भिंत जास्त वाकते आणि जास्त तापते. बाहेर ४५ अंश असताना ती उष्णता निघून जायलाही जागा नसते. तापलेलं रबर मऊ होतं, थर सुटू लागतात, धागे तुटतात, आणि मग एखादा खड्डा पुरतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवणारा माणूस टायर फुटू नये म्हणून जे करतो, त्यानेच टायर फुटण्याची वेळ जवळ येते. म्हणून उन्हाळ्यातही स्टिकरचाच आकडा, आणि तोही पहाटे, थंड टायरमध्ये. भर दुपारी पवनीहून आल्यावर गेज लावून ३२ दिसले म्हणून ४ पौंड सोडून देणं ही चूक आहे. संध्याकाळी टायर निवला की तो २४ वर उतरतो.

थंडीत याच्या उलट होतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. मेच्या सकाळी ३० अंशांत बरोबर २८ भरले आणि टायरमधून हवेचा कणही निसटला नाही असं धरलं, तरी जानेवारीत १० अंशांच्या पहाटे तोच टायर २५ दाखवेल. आणि हवा निसटतेच. रबर आपल्याला घट्ट दिसतं, पण त्याच्या रेणूंमधल्या फटींतून हवा हळूहळू झिरपत असते. नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून ती भराभर जात असे. १९३७ मध्ये अमेरिकेच्या स्टँडर्ड ऑईल कंपनीत रॉबर्ट थॉमस आणि विल्यम स्पार्क्स यांनी ब्युटाइल रबर तयार केलं. त्यातून हवा कितीतरी पटीने कमी झिरपते, म्हणून आजच्या ट्यूबी त्याच्याच असतात. तरीही महिन्याला एक-दोन पौंड जातात. दिवाळीला भरलेली हवा संक्रांतीला बघितली तर झिरपणं आणि थंडी मिळून पाच-सहा पौंड कमी सापडणं अगदी स्वाभाविक आहे. काही दुकानांत नायट्रोजन भरून घेण्याचा आग्रह होतो. तो थोडा सावकाश झिरपतो हे खरं, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. मोटरसायकलसाठी त्यावर जास्तीचे पैसे खर्च करावेत असं मला वाटत नाही.

कमी हवेची खूण अनुभवी पंक्चरवाला टायर उघडताच सांगतो. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खिळा नव्हता. खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबला आणि रिमच्या दोन्ही कडांखाली ट्यूब चिमटली. वॉल रिममधून सरळ बाहेर न येता तिरका झाला असेल तर हवा कमी असताना ब्रेकच्या जोराने टायर रिमवर घसरला आहे आणि त्याने ट्यूब सोबत ओढली आहे. अशी तिरकी ट्यूब एखाद्या दिवशी वॉलच्या मुळाशी फाटते, आणि हवा एका क्षणात जाते. वॉल तिरका दिसला की हवा भरून पुढे जाऊ नये. चाक खोलून ट्यूब सरळ करून घ्यावी.

जास्त हवेचं नुकसान असं एकदम दिसत नाही. ठसा लहान होतो, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि मुरमाच्या रस्त्यावर टायर दगड गिळून पुढे जाण्याऐवजी त्यावरून उडतो. पांदण रस्त्यावर समोरचं चाक असं उडालं की हँडल हातातून सुटायला वेळ लागत नाही. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो आणि कमी हवेने कडेला, असं सांगतात. ते बरोबर आहे, पण आपल्याकडच्या सपाट मुलखात रस्ते सरळ, त्यामुळे मोटरसायकलचा टायर तसाही मधोमधच जास्त झिजतो. झीज बघून हवेचा निकाल देऊ नये. गेज लावावं.

मायलेजची गोष्टही इथेच सांगून टाकतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा कारसाठीचा अंदाज असा, की चारही टायरमधली हवा सरासरी १ पौंडाने कमी झाली तर पेट्रोल सुमारे ०.२ टक्के जास्त जळतं. १० पौंडांना दोन टक्के. मोटरसायकलला आकडा थोडा वेगळा येईल, पण फार मोठा नाही. हवा बरोबर ठेवण्याचा खरा फायदा पेट्रोलमध्ये शोधू नये. तो ब्रेकमध्ये आणि टायरच्या आयुष्यात आहे.

पावसाळा. रोवणीच्या दिवसांत गाडी दोन तऱ्हेच्या रस्त्यांवरून जाते, ओल्या डांबरावरून आणि चिखलातून, आणि दोघांची मागणी उलटी आहे. कन्हार जमिनीचा चिखल चिकट आणि खोल. त्यात चार-पाच पौंड कमी केले तर ठसा लांब होतो आणि चाक थोडं कमी रुतून थोडं जास्त पकडतं, हे खरं आहे. पण तो टायर तसाच घेऊन डांबरावर आलं की धोका. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानाच्या चाकांवर केलेल्या प्रयोगांतून एक सूत्र मांडलं: पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. त्या सूत्राने २५ पौंडांच्या टायरला तो वेग ताशी सुमारे ८३ किलोमीटर येतो आणि १२ पौंडांच्या टायरला ५८. मोटरसायकलचा टायर अरुंद आणि गोल असल्याने पाणी बरंच जास्त कापतो, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. दिशा मात्र तीच आहे. दाब पुरेसा असेल तर टायर पाणी बाजूला ढकलतो आणि नक्षीतल्या खाचा उघड्या राहतात. दाब कमी असेल तर खाचा मिटतात आणि पाणी खाली अडकतं. पावसात हवा कमी केली की पकड वाढते, हा सल्ला डांबरी रस्त्यापुरता सपशेल चुकीचा आहे. शेतात जाण्यासाठी हवा सोडायचीच असेल तर परत भरायला घरी पायपंप असावा. तो नसेल तर स्टिकरचा आकडा तसाच ठेवावा, आणि धुऱ्याजवळच्या शेवटच्या चिखलात उतरून गाडी ढकलावी.

ट्यूबलेस टायर आले आणि पुष्कळ जीव वाचले असतील. खिळा घुसला तरी हवा भसकन जात नाही, हळूहळू जाते. पण ह्याच गुणामुळे हवा कमी असल्याचं कळत नाही. खिळा रुतलेला टायर दिवसाला एक-दोन पौंड सोडत राहतो, गाडी चालत राहते, आणि आठवड्याने तो १५ वर आलेला असतो. अंगठ्याने दाबून १५ आणि २८ मधला फरक ओळखता येत नाही, कारण ट्यूबलेसची भिंतच टणक असते. लाथ मारून तर मुळीच कळत नाही. ज्याच्याकडे ट्यूबलेस आहे त्याला गेजची गरज ट्यूबवाल्यापेक्षा जास्त आहे.

गेज स्वतःचं असावं. काट्याचं, ० ते ६० पौंडांचं, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं आणि डिक्कीत मावतं. दुकानातलं गेज ट्रकसाठीही वापरलं जातं. त्यावर १५० पौंडांच्या पुढपर्यंत खुणा असतात आणि २५ व २८ मधला फरक त्यावर काड्यांच्या एका फटीत बसतो. शिवाय ते दिवसभर आपटत असतं. दुकानदाराचा यात दोष नाही, त्याचं साधनच दुसऱ्या कामाचं आहे.

तपासायची वेळ सकाळची, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यानंतर, ऊन लागण्याआधी. पंधरा दिवसांतून एकदा, आणि लांब जायचं असेल त्या सकाळी. अडचण अशी, की हवा भरायचं ठिकाण घराशी नसतं, आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापतो. त्यावर सोपा उपाय आहे. घरी थंड टायरला गेज लावा. समजा २२ आहेत आणि हवेत २८. म्हणजे ६ कमी. दुकानात पोचल्यावर पुन्हा लावा. आता तापल्याने २४ दाखवतील. त्यात तेच ६ मिळवा आणि ३० भरून घ्या. टायर निवला की २८ वर येईल. पेट्रोलपंपावर हवा मोफत देणं पंपचालकांवर बंधनकारक आहे, तेव्हा पेट्रोल भरायला थांबलंच आहे तर पाच मिनिटं आणखी थांबावं.

हवा भरून झाल्यावर वॉलच्या तोंडावर थुंकीचं बोट लावायची पंक्चरवाल्यांची जुनी रीत चांगली आहे. बुडबुडा आला की आतली पिन गळते आहे. पिन बदलणं दोन मिनिटांचं काम. वॉलची टोपी शोभेची नाही. मुरमाची धूळ पिनेत जाऊ नये म्हणून ती आहे, हरवली तर दुसरी बसवून घ्यावी. आणि दोन्ही ठीक असून आठवड्यात तीन-चार पौंड उतरत असतील तर चाक खोलायला सांगावं. ट्यूब बाहेर काढलीच आहे तर टायरच्या आतून जपून, फडकं घेऊन हात फिरवून बघायला लावावं. पांदणीतला बाभळीचा काटा रबरात मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही, आणि तो तसाच राहिला तर नवी ट्यूबही त्याच जागी पुन्हा पंक्चर होते.